प्रोस्टेटच्या रेडिएशनचा रिव्ह्यू: मशीन कुठलं ते सगळ्यात शेवटी विचारा

सासऱ्यांचं प्रोस्टेट कॅन्सरचं रेडिएशन पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात झालं. नाव टाकत नाहीये कारण खाली तक्रारीपण आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तरी कुठल्याही हॉस्पिटलाला लागू पडतील. ट्रीटमेंटला साडेचार स्टार, वेटिंग हॉल आणि बिलिंगला दीड, तोही सिक्युरिटीवाल्या काकांमुळे. घाईत असाल तर एवढंच वाचा. पण घरात कुणाला हाय रिस्क (परत यायचा धोका जास्त असलेला) प्रोस्टेट कॅन्सर निघाला असेल आणि रेडिएशन कुठे करायचं म्हणून तुम्ही शोधत असाल तर पूर्ण वाचा, कारण आम्ही शोधत होतो तेव्हा जो तो मशीनचीच नावं सांगत होता, ट्रूबीम आहे का, सायबरनाईफ आहे का, आणि गाठ रेडिएशनला दाद देणार नाही असं वाटत असेल तर डॉक्टर त्यासाठी काय करणार, हे विचारा असं एकानेही सांगितलं नाही.

आधी केस काय होती ते. अप्पा, म्हणजे सासरे, एमएसईबीतून लाईनमन म्हणून रिटायर झालेले, राहणार कोरेगाव तालुक्यात, ट्रीटमेंटपुरते आमच्याकडे सिंहगड रोडला. पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) ३४, बायोप्सीत ग्लिसन (गाठ किती आक्रमक ते सांगणारा स्कोअर) ४+४, एमआरआयमध्ये गाठ बाहेर सेमिनल व्हेसिकलपर्यंत (प्रोस्टेटला लागून असलेल्या वीर्याच्या पिशव्या) गेलेली, पीएसएमए पेट स्कॅनमध्ये (प्रोस्टेट कॅन्सर अंगात कुठे कुठे आहे ते दाखवणारा स्कॅन) हाडं आणि लांबचे लिम्फ नोड्स (लसिका गाठी) क्लिअर. म्हणजे पसरलेला नाही पण दांडगा. अशा केसमध्ये नुसतं रेडिएशन दिलं तर बऱ्याच जणांचा पीएसए काही वर्षांनी परत वर येतो. त्यामुळे माझा पहिलाच प्रश्न तो होता, की परत येतो म्हणजे नेमकं काय होतं, मशीन कमी पडतं का?

डॉक्टरांनी (रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, बाई, वय चाळीसच्या आसपास, अजिबात घाई नाही) कागद पुढे ओढला आणि समजावलं. रेडिएशन पेशीच्या डीएनएचे तुकडे करतं. आता प्रोस्टेटच्या पेशीला पुरुषी हॉर्मोन मिळत असतं, आणि ते हॉर्मोन ज्या रिसेप्टरला (पेशीतल्या ठरलेल्या प्रथिनाला) चिकटतं तोच रिसेप्टर डीएनए दुरुस्त करणारी जीन्सपण चालू करतो, हे २०१३ च्या सुमारास प्रयोगशाळेत नीट दिसलं. अप्पा लाईनमन होते हे फाईलवर वाचून बाई म्हणाल्या, "काका, वादळात तारा तुटल्या की तुम्ही रात्रीत जोडायचात ना? तशी ही गाठ रोज आम्ही तोडलेलं रोज जोडते. म्हणून आधी इंजेक्शन देऊन लाईनमनला रजेवर पाठवायचं, मग तारा तोडायच्या." अप्पा बायोप्सीनंतर पहिल्यांदा हसले. म्हणाले, "आमची रजा कधी मंजूर नव्हती होत."

त्यामुळे झालं असं की डायग्नोसिस झाल्यावर लगेच रेडिएशन सुरू न करता आधी हॉर्मोन बंद करणारं इंजेक्शन, तीन महिने पुरणारं डेपो, आणि दोन-अडीच महिन्यांनी रेडिएशन. या काळात नातेवाईकांनी डोकं खाल्लं. कॅन्सर आहे आणि तुम्ही गप्प बसलाय, आमच्या शेजारच्यांचं तर आठवड्यात सुरू केलं, वगैरे. त्यांना मी हेच सांगत बसले की इंजेक्शन हीच ट्रीटमेंट आहे, गाठ आकसते, रक्तपुरवठा आणि ऑक्सिजन सुधारतो असंही काही अभ्यासांत दिसलंय. आणि ऑक्सिजनचा मुद्दा साधा नाहीये. ऑक्सिजन असेल तर रेडिएशनने केलेली मोडतोड पक्की होते, गाठीतला जो भाग ऑक्सिजनवाचून गुदमरलेला असतो तिथल्या पेशी मारायला अडीच ते तीनपट डोस लागू शकतो. म्हणून डॉक्टरांनी हिमोग्लोबिन बघितलं आणि अप्पांना बिडी सोडायला लावली. "आता काय फरक पडतो" म्हणणाऱ्या माणसाला हे कारण पटलं, जे तीस वर्षं सासूबाईंच्या बोलण्याने पटलं नव्हतं.

इंजेक्शन आणि रेडिएशन एकत्र देण्याचा पुरावा जुनाच आहे, नवीन फॅड नाही. युरोपातली डॉ. बोला (Bolla) यांची ४१५ पेशंटची चाचणी १९९७ ला छापून आली. नुसत्या रेडिएशनमध्ये पाच वर्षांनी ६२ टक्के लोक हयात, रेडिएशन सुरू करतानाच इंजेक्शन देऊन ते तीन वर्षं चालवलं तर ७९ टक्के. उलट बाजूनेपण बघितलंय, नुसतं इंजेक्शन विरुद्ध इंजेक्शन अधिक रेडिएशन, स्कँडिनेव्हियातली २००९ ची चाचणी, दहा वर्षांत प्रोस्टेट कॅन्सरने जाणाऱ्यांचं प्रमाण जवळजवळ २४ टक्क्यांवरून १२ वर आलं. म्हणजे एकाशिवाय दुसरं अर्धंच. हे मी का लिहितेय, तर आमच्या ओळखीतल्या एका काकांना दुसरीकडे "रेडिएशन झालं ना, आता इंजेक्शन कशाला" म्हणून सहा महिन्यांत बंद करून टाकलं होतं. हाय रिस्कला सहसा दीड ते तीन वर्षं चालू ठेवतात. किती, ते पेशंटचं हार्ट, वय, शुगर बघून ठरतं, पण विचारा तरी.

आमच्या डॉक्टरांनी अजून एक गोळी वाढवली, अबिराटेरॉन (हॉर्मोन आणखी दाबणारी), दोन वर्षांसाठी, सोबत थोडं स्टेरॉइड. ब्रिटनच्या स्टॅम्पीड चाचणीत अप्पांसारख्या पेशंटमध्ये सहा वर्षांनी आजार न पसरता असलेले ६९ वरून ८२ टक्क्यांवर गेले. ही गोळी एकेकाळी सोन्याच्या भावात होती, आता जेनेरिक आहेत, कंपनी-कंपनीत किमतीत जमीनअस्मानाचा फरक आहे, तेव्हा हॉस्पिटलच्या मेडिकलमध्येच पहिली चिठ्ठी फाडू नका, बाहेर दोन ठिकाणी विचारून डॉक्टरांना ब्रँड चालेल का ते विचारा. रिकाम्या पोटी घ्यायची असते, बीपी आणि पोटॅशियम बघावं लागतं, लिव्हरच्या टेस्ट कराव्या लागतात. अप्पांचं बीपी चढलं, गोळी अॅडजस्ट केली, आता ठीक.

आता रेडिएशन. प्लॅनिंगसाठी एक सीटी आणि एक एमआरआय, दोन्ही एकावर एक जुळवून. एमआरआय का, तर गाठ प्रोस्टेटमध्ये नेमकी कुठे आहे ते सीटीवर कळत नाही. आणि ते कळलं तर आख्ख्या ग्रंथीला नेहमीचा डोस देऊन दिसणाऱ्या गाठीला तेवढा जादा डोस देता येतो. रेडिएशननंतर लोकल परत आलेला आजार बहुतेक वेळा मूळ मोठ्या गाठीच्या जागीच येतो, म्हणजे हट्टी पेशी तिथेच बसलेल्या असतात. हॉलंड-बेल्जियममधल्या फ्लेम चाचणीत ५७१ पेशंट होते, सगळ्यांना ७७ ग्रे (रेडिएशनचा डोस मोजायचं माप), अर्ध्यांना गाठीवर ९५ पर्यंत. पाच वर्षांनी आजार डोकं वर न काढलेले ८५ ऐवजी ९२ टक्के, आणि त्रास लक्षात येण्याइतका वाढला नाही. आम्ही विचारलं तुम्ही हे करता का, त्या म्हणाल्या करतो, पण गुदाशय आणि लघवीच्या नळीची लिमिट जिथे येईल तिथे थांबतो, गाठीला कमी मिळालं तरी चालेल. हे उत्तर मला आवडलं. जो डॉक्टर लिमिट सांगतो तो बरा.

ओटीपोटातल्या लिम्फ नोड्सना रेडिएशन द्यायचं की नाही यावर जगभर वाद होता, आणि यात आपल्या मुंबईच्या टाटा मेमोरियलचं काम आहे हे कळल्यावर मला उगाच अभिमान वाटला. डॉ. वेदांग मूर्ती आणि टीमची पॉप-आरटी चाचणी, २२४ हाय रिस्क पेशंट, २०२१ ला छापली. नुसत्या प्रोस्टेटला रेडिएशन दिलेल्यांत पाच वर्षांनी पीएसए काबूत असलेले ८१ टक्के, नोड्ससकट दिलेल्यांत ९५. एकूण आयुष्यात तेवढ्या काळात फरक दिसला नाही हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय. अप्पांना हाच डोस लागला, प्रोस्टेटला ६८ ग्रे आणि नोड्सना ५० ग्रे, २५ भागांत, आठवड्याला पाच. पूर्वी प्रोस्टेटला सदतीस-अडतीस सिटिंग लागायच्या, आता कमी केल्यात कारण प्रोस्टेटच्या पेशी रोजच्या छोट्या डोसला पुरून उरतात पण रोजचा डोस मोठा केला की तेवढ्या सावरत नाहीत. नोड्स घ्यायचे नसतील तर वीसमध्येपण होतं, काही पेशंटना पाचमध्ये. गावाकडून येणाऱ्याला हा फरक म्हणजे भाड्याच्या खोलीचा एक महिना.

आणि आता तो भाग ज्यासाठी मी या डिपार्टमेंटला स्टार दिलेत. पाणी आणि पोट.

प्रोस्टेटच्या मागे गुदाशय, वर मूत्राशय. गुदाशयात गॅस असेल तर प्रोस्टेट पुढे ढकललं जातं, आणि मिलिमीटरमध्ये आखलेला प्लॅन हुकतो. अमेरिकेत ह्यूस्टनला २००५ मध्येच बघितलं होतं की प्लॅनिंग सीटीच्या दिवशी ज्यांचं गुदाशय फुगलेलं होतं त्यांचा आजार जास्त परत आला. तिथे गाठीचा काही हट्ट नव्हता, नेमच चुकला होता! म्हणून रोज पोट साफ करून जायचं, मग अर्धा लिटर पाणी पंधरा मिनिटांत पिऊन मूत्राशय भरायचं म्हणजे आतडी वर सरकतात, मग आत जायचं, मशीनवरच छोटं सीटी काढतात, ते प्लॅनशी जुळलं तरच बीम चालू.

इथला टेक्निशियन, पंचविशीतला पोरगा, गळ्यात तुळशीची माळ, या बाबतीत एकदम कडक. स्कॅन बघून माईकवरून सांगायचा, "आज्जोबा, आज गॅस आहे, खाली उतरा, चालून या, परत घेतो." पहिल्या आठवड्यात अप्पा वैतागले, "एवढंसं चालतंय की रे." तो म्हणाला, "चालत नाही आज्जोबा, तुमचंच नुकसान आहे." आणि बाहेर वीस पेशंट थांबलेले असताना खरंच उतरवायचा. दुसऱ्या एका सेंटरला माझ्या मैत्रिणीच्या वडिलांना रोज पाच मिनिटांत आत-बाहेर करायचे, मैत्रीण खूश होती काय फास्ट सर्व्हिस आहे म्हणून. मला आता तो फास्टपणा संशयास्पद वाटतो. स्कॅन रोज करतात का, आणि प्लॅनशी जुळलं नाही तर परत पाठवतात का, हे आधी विचारा.

घरी मग सगळा मेनू बदलला. हरभरा, वाटाणा, राजमा, कोबी बंद, मटकीची उसळ बंद, दूध कमी. रात्री इसबगोल, पण ते डॉक्टरांनी सांगितलं म्हणून, स्वतःच्या मनाने रेचकं नका देऊ, नंतर जुलाब लागले की उलटं होतं. कोबीची भाजी नाही म्हणून अप्पांना आनंद झाला तो वेगळा. काढे, गव्हांकुर, अँटिऑक्सिडंटच्या महागड्या डब्या, हे सगळं डॉक्टरांनी रेडिएशन संपेपर्यंत बंद ठेवायला लावलं, कारण आपण जी मोडतोड करायला बघतोय तिच्याच आड ते येऊ शकतं. ज्या आत्याबाईंनी डबा आणला होता त्या अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आता तक्रारी. ज्या डिपार्टमेंटमध्ये प्रत्येक प्रोस्टेटवाल्याला पाणी पिऊन थांबायला लावतात तिथे वॉटर कूलर बंद! आख्खा महिना बंद, वर कागद चिकटवलेला, 'कृपया सहकार्य करा'. टॉयलेट एक, तेही कॉरिडॉरच्या टोकाला, आणि कुलूप लागलेलं असलं की किल्ली नर्सकडे. मशीन लेट झालं तर कुणी सांगत नाही. एकदा लिनॅक (रेडिएशनचं मशीन) बंद पडलं, आतल्या पेशंटला उतरवलं, आणि बाहेर पाणी पिऊन बसलेल्या सहा-सात म्हाताऱ्यांना पाऊण तास कुणी बोललंच नाही. सत्तरीच्या माणसाला भरलेलं मूत्राशय घेऊन पाऊण तास बसवणं म्हणजे काय ते त्या खुर्च्यांवर बसल्याशिवाय कळायचं नाही. अप्पांच्या शेजारचे एक गृहस्थ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, कधी कुणाशी न बोलणारे, त्यांना नाही आवरलं. पायजमा ओला झाला, ते उठून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सिक्युरिटीवाल्या काकांनी गडबड न करता स्वतःचं जर्किन त्यांच्या कमरेला बांधलं आणि त्यांना आत घेऊन गेले. काउंटरवरच्या मॅडम तेव्हा फोनवर होत्या. एवढं साधं सॉफ्टवेअर नाही का बनवता येत, 'तुमचा नंबर अर्ध्या तासात, आता पाणी प्या' एवढा मेसेज? टोकन डिस्प्ले आहे, पण तो बंद.

बुडालेली सिटिंग मात्र शनिवारी भरून काढली, हे त्यांच्या बाजूने लिहायला हवं. मधे खंड पडू देणं बरं नाही आणि ते त्यांना माहितीये.

बिलिंगचं काय सांगू. रेडिएशन डे-केअरमध्ये धरतात त्यामुळे अॅडमिट न होता कॅशलेस मिळालं, पण हॉर्मोन इंजेक्शन आणि अबिराटेरॉन त्यात बसवायला इन्शुरन्सवाल्यांनी नकार दिला, ओपीडी औषध म्हणून. तुमच्या पॉलिसीत ते बसतं का हे पहिल्या इंजेक्शनआधी लेखी विचारा. पॉलिसी नसेल तर महात्मा फुले योजनेत रेडिएशन आहे, पण सगळ्या हॉस्पिटलांना ती लागू नाही, आणि असली तरी योजनेच्या काउंटरवर बसणारा आरोग्यमित्र जेवायला गेला की दोन तास येत नाही. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव सारखं आहे का ते गावाकडून निघायच्या आधी बघा.

त्रास काय झाला. तिसऱ्या आठवड्यापासून लघवीला जळजळ, रात्री चार-चारदा उठणं, थोडे पातळ संडास, आणि थकवा. संपल्यावर दीड-दोन महिन्यांत बरंच कमी झालं. संडासातून रक्त कधी वर्षा-दोन वर्षांनीपण दिसू शकतं असं सांगून ठेवलंय, तेव्हा घाबरून कुठेही तपासणीसाठी तुकडा काढून घेऊ नका, आधी रेडिएशनवाल्या डॉक्टरांना विचारा, रेडिएशन झालेल्या जागी जखम लवकर भरत नाही. खरा वैताग इंजेक्शनचा. डिसेंबरात फुल स्पीड फॅन, अंगातून वाफा, घामाने बनियन ओलं, दहा मिनिटांनी कुडकुडून गोधडी. सासूबाई म्हणाल्या, "आता कळलं का मला पंचेचाळिशीत काय होत होतं ते." वजन वाढतं, स्नायू जातात, हाडं ठिसूळ होतात, म्हणून डेक्सा स्कॅन, कॅल्शियम-डी, आणि रोज चालणं. मूड उतरतो हे कुणी सांगत नाही. अप्पा एक काळ टीव्ही लावून बघायचेच नाहीत, नुसते बसायचे. आणि संसारातल्या ज्या गोष्टी बंद पडतात त्या सुनेसमोर कोण विचारणार, तेव्हा फॉलोअपला मुद्दाम नवऱ्याला आत पाठवलं आणि मी बाहेर बसले. डॉक्टर बाई असूनही अप्पा बोलले म्हणे. तुम्हीपण ही सोय बघा.

प्रोटॉनबद्दल (एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांनी दिलेलं महागडं रेडिएशन) सगळे विचारतात म्हणून. खारघरला टाटाच्या सेंटरमध्ये २०२३ पासून आहे, चेन्नईत त्याच्या आधीपासून. प्रोस्टेटपुरतं सांगायचं तर अमेरिकेतल्या पार्टिकोल चाचणीचे निकाल २०२४ मध्ये आले, साध्या आयएमआरटीच्या (गाठीच्या आकाराप्रमाणे दिलेलं एक्स-रेचं रेडिएशन) तुलनेत दोन वर्षांनी पोटाच्या तक्रारींत फरक नाही आणि आजारावरच्या कंट्रोलमध्येही नाही. लहान मुलांच्या किंवा मेंदूच्या ट्यूमरसाठी तो वेगळा विषय आहे. आमच्या एका पाहुण्यांनी "पैसे मी देतो पण प्रोटॉनच करा" असा धोशा लावला होता, त्यांना म्हणलं तेच पैसे कूलर दुरुस्तीला द्या.

रिझल्ट विचाराल तर इंजेक्शनवर रेडिएशनआधीच पीएसए ३४ वरून १ च्या खाली आला होता, आता ०.०२. पण इंजेक्शन चालू असेपर्यंत हा आकडा खोटी खुशी देतो, खरी परीक्षा इंजेक्शन बंद करून हॉर्मोन परत आल्यावर. तेव्हा थोडा वर-खाली होतोच, सगळ्यात खालच्या आकड्यापेक्षा २ ने वर गेला तर आजार परत आला असं धरतात, त्याआधी प्रत्येक दशांशाला घरात मातम करू नका. आणि वर गेलाच तरी पीएसएमए पेटवर जागा सापडली तर पुढे मार्ग असतात.

त्यासाठीच शेवटचं काम. डिस्चार्ज कार्डावर खुश होऊन घरी येऊ नका. कुठल्या भागाला किती ग्रे, किती भागांत, कधीपासून कधीपर्यंत, हे लिहिलेली ट्रीटमेंट समरी आणि प्लॅनची सीडी मागून घ्या, डायकॉम फॉरमॅटमध्ये (स्कॅन आणि प्लॅनच्या फाइल्सचा ठरलेला प्रकार) पाहिजे असं सांगा. आम्हाला काउंटरवर "सीडी देत नाही" म्हणाले, मग "अर्ज करा" म्हणाले, मग "सर रजेवर आहेत". फिजिक्स रूममध्ये थेट गेल्यावर तिथल्या मुलीने पेनड्राईव्हवर टाकून दिलं, चहा पिऊन होईस्तोवर. पुढे त्याच भागात परत रेडिएशन द्यायची वेळ आली तर जुना डोस कुठे किती पडलाय हे बघितल्याशिवाय कुणी हात लावत नाही. समरीची झेरॉक्स दोन काढा, एक गावाकडच्या फॅमिली डॉक्टरांना द्या.